दुपारचं सत्र

वागळे इस्टेटमध्ये, जिथे पूर्वी पंख्यांची पाती ठोकली जायची,
तिथे आता चौथ्या मजल्यावर थंडगार हॉल आहे
आणि हॉलमध्ये आम्ही बत्तीस जण:
लोकांना नोकरीला लावणारे लोक.
गळ्यात दोरी, दोरीला नाव.
विश्राम घाग, समुपदेशक, कळवा केंद्र.
(रोजगाराच्या खात्यात विश्राम! हा विनोद
सकाळपासून तिघांनी केला. मी तिन्ही वेळा हसलो.)

प्रत्येकाला पिशवी मिळाली.
तीत पुस्तिका, पिवळ्या चिकटचिठ्ठ्या,
आणि एक पेनड्राइव्ह, ज्यात मिथिला मॅडम म्हणाल्या सगळं आहे.
बायोडेटाचे अकरा नमुने,
हात टेबलावर कुठे ठेवावेत याची चित्रफीत.
आमच्या केंद्रातला कॉम्प्युटर पेनड्राइव्ह ओळखत नाही,
पण हे मी बोललो नाही. अभिप्रायाच्या फॉर्मवर तेवढी जागा नव्हती.

जेवणात पुलाव होता.
त्यावरचा उतारा म्हणून मॅडमनी खुर्च्या फिरवल्या:
आता तुम्ही उमेदवार व्हा.
समोर बसली मुंब्र्याची नसरीन तांबोळी,
या कामात जेमतेम आठ महिने,
पान एकोणीसवर बोट ठेवून म्हणाली,
"काका, मधली सहा वर्षं कोरी दिसतात."

हा प्रश्न मी किती पोरांना घोकून दिलाय.
घरी बसलो होतो असं म्हणायचं नाही, बाबा.
म्हणायचं, या काळात मी स्वतःवर काम केलं.
पाठ ताठ ठेवायची. डोळ्यात बघायचं.

मी पाठ ताठ केली.
आणि तोंडातून आलं ते असं:

कंपनी एका गुरुवारी बंद झाली.
माझी लेथ अजून कोमट होती.
बायको रबाळ्याला पॅकिंगला लागली, पहाटेची पाळी,
आणि पोरीची शाळा सातची.
तर मी वेण्या घालायला शिकलो.
पहिला आठवडा ती रडत गेली. एक वेणी कानावर, एक मानेवर.
मग माझं मलाच वाटलं, अरे, तू टर्नर माणूस,
केसाच्या जाडीवरून जॉब परत पाठवणारा,
तुला केस जमू नयेत?
महिन्याभरात भांग असा पडायला लागला
की पट्टी लावून बघावी.
वर्गातल्या दोघी-तिघी आयांनी विचारलं, कोण घालतं?
पोरगी म्हणायची, आत्या.
आम्हाला आत्या नाही.

नसरीनचं पेन थांबलं होतं.
पुस्तिकेत यापुढचा प्रश्न होता, तुमच्या अपेक्षा काय,
तो तिने विचारला नाही.
तिने 'कौशल्ये' या रकान्यात काहीतरी लिहिलं,
खोडलं, पुन्हा लिहिलं,
तेवढ्यात मॅडमनी टाळी वाजवली:
छान, आता खुर्च्या बदला.

चहाला ती माझ्याजवळ आली,
म्हणाली, "काका, तुमचे गुण कापावे लागतील मला.
तुम्ही डोळ्यात बघितलंच नाही."
म्हटलं, काप.

सोमवारी कळव्याला पहिलाच अर्ज:
उज्ज्वला वाघचौरे, बेचाळीस, बारावी,
मध्ये चौदा वर्षांची गॅप.
"घरीच होते," ती म्हणाली, घाईघाईने,
जणू तिकीट नसताना टीसी समोर यावा.
मी पुस्तिका मिटली. म्हटलं,
"घरी होतात, मग काय काय केलंत, सांगा. वेळ आहे."
तिने आधी माझ्याकडे बघितलं,
मग दाराकडे,
मग पर्स मांडीवर घट्ट धरून म्हणाली,
"ते राहू द्या हो.
पगार किती, तेवढं सांगा आधी."

मी सांगितला.
ती बराच वेळ हिशेब करत बसली, बोटांच्या पेरांवर,
ओठ न हलवता.
मी पिवळी चिठ्ठी काढली,
तिच्या अर्जावर चिकटवली,
आणि त्यावर काय लिहावं
याचा विचार करत राहिलो.